तीन काजू कारखान्यांची केस स्टडी: काय सांगायचं, कुठवर सांगायचं आणि काय झाकायचं

सिंधुदुर्गातल्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या आणि व्यवस्थापनात पीएच.डी. करणाऱ्या एका मॅडमनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वेंगुर्ला, सावंतवाडी, दोडामार्ग या पट्ट्यातल्या तीन काजू प्रक्रिया कारखान्यांचा त्यांनी अभ्यास केला आहे. काजू बीची खरेदी हंगामात एकदम करावी लागते, गर मात्र वर्षभर विकला जातो, मधल्या काळात पैसा अडकून पडतो. ही ओढाताण छोटे कारखानदार कशी निभावतात, हा विषय. त्यावर जर्नलला पाठवलेला पेपर तीन शेऱ्यांसह परत आला: ‘केवळ वर्णनात्मक’, ‘तीन युनिटवरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येत नाही’, ‘पद्धतीचा तपशील अपुरा’. गाइड म्हणतात, शंभर प्रश्नावल्या भरून घ्या आणि सर्व्हे करा. मॅडमचा प्रश्न: केलेलं काम टाकून द्यायचं का, की लिहिण्यातच काही कमी पडतंय?

मॅडम, काम टाकून देऊ नका. प्रश्नासोबत तुम्ही मसुद्यातली जी पानं दिलीत ती मी दोनदा वाचली. माल चांगला आहे. कारखान्यात जाऊन, बसून, वह्या बघून जमवलेली माहिती आहे ही, आणि शंभर प्रश्नावल्यांतून ती कधीच मिळाली नसती. कुठला कारखानदार प्रश्नावलीत खूण करून सांगेल की गावातल्या शेतकऱ्यांची बी त्याने उधारीवर उचलली आहे आणि पैसे गणपतीला द्यायचं ठरलंय? ते तुम्हाला कळलं कारण तुम्ही तिथे होतात. अडचण एवढीच आहे की जे कळलं ते कसं कळलं, हे वाचणाऱ्याला दिसत नाही. रिव्ह्यूअरचे, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्याचे, तीनही शेरे फिरून याच जागी येतात. गेली अनेक वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या संशोधकांचे थिसिस मी गाइड म्हणून आणि परीक्षक म्हणूनही वाचतो आहे. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

याचं एक कारण आपल्या शिकवण्यात आहे. आपण वर्गात केस शिकवतो. हार्वर्डमध्ये १९२१ साली बुटांच्या कंपनीवरची पहिली केस लिहिली गेली, १९६१ मध्ये सुरू झालेल्या अहमदाबादच्या आयआयएमने हार्वर्डच्या मदतीने ती पद्धत आपल्याकडे रुजवली, आणि आज एमबीएचा प्रत्येक विद्यार्थी तशा केसवर वाढतो. वर्गातली केस मुद्दाम अर्धवट ठेवलेली असते. मालकापुढे निर्णय उभा राहतो, आकडे दिले जातात, आणि लेखक बाजूला होतो. पुढचा विचार विद्यार्थ्याने करायचा. तिथे लेखकाने स्वतःचा निष्कर्ष सांगणं हा दोष ठरतो. प्रसंगी कंपनीचं नाव, आकडे, काळ बदलूनही चालतं. संशोधनाच्या केसमध्ये हे सगळं उलटं होतं. तिथे निष्कर्ष सांगावाच लागतो, तो कुठून आला हे दाखवावं लागतं, आणि चर्चा रंगावी म्हणून एकही गोष्ट बदलता येत नाही. तुमच्या मसुद्यात कारखाना ‘अ’ची सुरुवात पहाटे बॉयलर पेटवण्याच्या दृश्याने होते आणि शेवट ‘आता मालकांपुढे प्रश्न होता...’ असा होतो. छान लिहिलंय, वर्गात ते उत्तम चालेल. जर्नलमध्ये त्यालाच ‘वर्णनात्मक’ म्हणतात. शिकवण्यासाठी वेगळी केस करा, जरूर करा, पण दोन्ही एकाच कागदावर मांडू नका.

आता पहिलं काम. पेपरच्या पहिल्या दोन पानांत हे स्पष्ट सांगा की ही कशाची केस आहे. कारखान्याची? खरेदीच्या निर्णयाची? की कारखानदार, बँक आणि बी देणारे शेतकरी यांच्यातल्या देण्याघेण्याची? तुमच्या मसुद्यात तिन्ही येतात आणि दर दोन पानांनी केंद्र हलतं. माझ्या मते तुमची केस म्हणजे ‘एका कारखान्याचा एक खरेदी हंगाम’. असं धरलं तर तीन कारखाने आणि तुमच्याकडे असलेले चार हंगाम मिळून बारा छोटी प्रकरणं हाती येतात, आणि मुख्य म्हणजे ती एकमेकांशी ताडून बघता येतात. कॅथलीन आयझेनहार्ट यांनी १९८९ मध्ये जो पेपर लिहिला आणि ज्याचा दाखला व्यवस्थापनातली बहुतेक जर्नलं आजही मागतात, त्यात चार ते दहा केस साधारणपणे पुरतात असं म्हटलंय. चारपेक्षा कमी असतील तर सिद्धांत उभा करणं जड जातं, मात्र एका केसच्या पोटात अनेक लहान केस असतील तर गोष्ट वेगळी, हेही तिथेच आहे. तुमच्याकडे नेमकं तेच आहे. फक्त तसं लिहिलेलं नाही.

केसची हद्द ठरवताना काळाचा मुद्दा मी मुद्दाम लांबवून सांगतो, कारण कोकणातल्या हंगामी धंद्यांवरच्या जवळजवळ प्रत्येक थिसिसमध्ये तो राहून जातो. काजू बी बाजारात येते साधारण मार्च ते मे. हिशोबाचं वर्ष संपतं ३१ मार्चला, म्हणजे ऐन खरेदीत. एखाद्या वर्षी मोहोर लवकर आला आणि बी लवकर पडायला लागली, की ३१ मार्चला गोदाम बऱ्यापैकी भरलेलं असतं आणि कॅश क्रेडिटचं (बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत कर्ज उचलता येतं ते) खातं काठोकाठ वापरलेलं असतं. पुढच्या वर्षी हंगाम तीन आठवडे उशिरा आला तर त्याच तारखेला गोदाम रिकामं आणि कर्जही कमी. धंदा तोच, मालक तोच, सवयी त्याच; ताळेबंद मात्र दोन वेगळ्या कंपन्यांचे वाटावेत असे. तुम्ही तक्ता ४ मध्ये साठ्याचं आणि कर्जाचं गुणोत्तर वर्षावार देऊन ‘कारखाना क ने साठा व्यवस्थापनात सुधारणा केली’ असं लिहिलंय. ही सुधारणा आहे की त्या वर्षी बी उशिरा पडली, हे त्या तक्त्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. तेव्हा आकडे हंगाम-वर्षाप्रमाणे मांडा, मार्च ते फेब्रुवारी. त्यासाठी ताळेबंद पुरत नाही. बँकेचा खातेउतारा आणि गोदामाची आवक-जावक वही लागते. तुमच्याकडे दोन कारखान्यांच्या वह्या आहेत, तिसऱ्याची नाही. ती नाही हेही लिहा आणि त्या कारखान्याबद्दलचा दावा तेवढा सौम्य करा.

शिवाय तुमच्या चार हंगामांत २०२० आणि २०२१ येतात. २५ मार्च २०२० ला देशभर लॉकडाऊन लागला तो ऐन खरेदीच्या तोंडावर, आणि मे २०२१ मध्ये हंगाम सरत असताना तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलं. ही दोन वर्षं ‘अपवादात्मक’ म्हणून एका ओळीत उरकू नका. ताण आल्यावर कोणी कोणाकडे हात पसरले, कोणी कोणाला थांबवून घेतलं, हे याच वर्षांत सगळ्यात स्पष्ट दिसतं. तुमच्या विषयाचं खरं सोनं तिथे आहे.

हेच तीन कारखाने का निवडले, याला मसुद्यात एकच वाक्य आहे: ‘सोयीस्कर नमुना निवड पद्धत वापरली.’ तेवढ्याने भागणार नाही. ओळखीतून प्रवेश मिळाला असेल तर तसं सरळ सांगा, त्यात कमीपणा काहीच नाही. अनोळखी माणसाला उधारीची वही कोण दाखवणार? पण ओळखीच्या दहा कारखान्यांतून हेच तीन का, याचं उत्तर विषयातून आलं पाहिजे. तुमच्याकडे ते तयार आहे. कारखाने ‘अ’ आणि ‘ब’ फक्त स्थानिक बी घेतात, म्हणजे एकाच हंगामावर अवलंबून आहेत. दोन्हीकडे एकसारखं चित्र दिसावं अशी अपेक्षा. ‘क’ आफ्रिकेतली बीही घेतो. त्यातही बेनिन, आयव्हरी कोस्टकडची बी साधारण आपल्याच सुमारास निघते, टांझानियाची मात्र ऑक्टोबर ते डिसेंबरात. ‘क’ टांझानियाची बी घेतो म्हणजे त्याच्या खरेदीला वर्षातून दोन भरत्या येतात. त्याचा पैसा वेगळ्या रीतीने अडकणार आणि वेगळ्या रीतीने सुटणार, असा अंदाज तुम्हाला आधीच मांडता येतो. अंदाज मांडायचा, मग पुराव्याने तो टिकतो का ते दाखवायचं. केस स्टडी पद्धतीचे अभ्यासक रॉबर्ट यिन ज्याला पुनरावृत्तीचं तर्कशास्त्र म्हणतात ते हेच: काही केस सारखा निकाल देतील म्हणून घ्यायच्या, काही ठरावीक कारणाने वेगळा निकाल देतील म्हणून.

दुसऱ्या शेऱ्याचं उत्तरही इथेच मिळतं. तीन कारखान्यांवरून जिल्ह्यातले किती टक्के कारखाने उधारीवर बी घेतात हे सांगता येत नाही, आणि तुम्ही ते सांगूही नका. मसुद्यात ‘सिंधुदुर्गातील बहुतांश काजू उद्योजक’ हे शब्द सहा-सात ठिकाणी आलेत. ते सगळे काढा. सर्व्हेतून लोकसंख्येविषयी बोलता येतं. केसमधून बोलता येतं ते एखादी गोष्ट कशी घडते आणि कोणत्या परिस्थितीत घडते याविषयी. तुमचा दावा असा लिहा: जिथे बी देणारा शेतकरी आणि कारखानदार एकाच पंचक्रोशीतले आहेत, हंगाम एकच आहे आणि बँकेची मर्यादा खरेदीला पुरत नाही, तिथे शेतकऱ्यांची उधारी हे खेळत्या भांडवलाचं काम करते, आणि ती सणांच्या तारखांना बांधलेली असते. अटी वाक्यातच आल्या. आता हा दावा देवगडच्या आंबा बागायतदाराला आणि वाशीच्या दलालाकडून मिळणाऱ्या उचलीला लावून बघता येईल, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलर मालकाला लावून बघता येईल, आणि कुठे तुटतो तेही कळेल. एकाच केसवरूनही मोलाचं ज्ञान मिळतं, हे बेंट फ्लिव्हब्यर्ग यांनी २००६ मध्ये सविस्तर मांडलं आहे; गाइडना तो लेख द्या, वादासाठी नव्हे, त्यांच्या शंकेची दखल घेतल्याचं दिसावं म्हणून. गाइडची शंका रास्तच आहे, तुमच्या सध्याच्या वाक्यरचनेमुळे ती उभी राहिली आहे.

आणखी एक गोष्ट त्यांना दाखवा. मायकेल गिबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये व्यवस्थापनातल्या नामांकित जर्नलांमधल्या केस स्टडी तपासल्या, तेव्हा असं दिसलं की निष्कर्ष अभ्यासाबाहेर इतरत्र लागू पडतात का, याविषयी लेखक भरपूर लिहितात. पण जे मोजायचं म्हटलं तेच मोजलं का, आणि कारण म्हणून जे सांगितलं ते खरंच कारण आहे का, या अधिक मूलभूत बाबींवर कमी लिहितात. आपल्याकडे तर हा कल आणखी ठळक आहे.

आता पद्धत. तुमच्या मसुद्यात पद्धतीला दीड पान आहे, त्यातलं एक पान केस स्टडीची व्याख्या आणि फायदे-तोटे सांगण्यात गेलंय. ते पान काढून टाका. रिव्ह्यूअरला व्याख्या माहीत आहे. त्याला हवंय ते हे: कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत तुम्ही जात होतात, प्रत्येक कारखान्यात कोणाकोणाशी बोललात, कोणत्या हुद्द्यावरच्या, किती वेळा, साधारण किती वेळ, रेकॉर्डिंग केलं की टिपणं काढली, कोणते कागद बघायला मिळाले, कोणते मागूनही मिळाले नाहीत, प्रत्यक्ष काय पाहिलंत. याचा एक तक्ता करा. मुलाखत कुठे झाली हा रकाना त्यात असू द्या, ही माझी खास विनंती. तुमच्या टिपणांत आहे की कटिंग करणाऱ्या, म्हणजे बी फोडून गर काढणाऱ्या, बायकांशी तुम्ही दोनदा बोललात, एकदा कारखान्यात सुपरवायझर शेजारी असताना आणि एकदा संध्याकाळी वाडीत. दोन्ही वेळची उत्तरं वेगळी आहेत. मसुद्यात ती एकत्र मिसळून ‘कामगारांच्या मते’ अशी आली आहेत. त्यांना वेगळं ठेवा आणि का वेगळं ठेवलं ते सांगा.

तुम्ही स्वतः त्याच तालुक्यातल्या आहात, एका कारखान्याला तुमच्या माहेरचे लोक बी घालतात, हे तुम्ही प्रश्नात लिहिलंत पण मसुद्यात नाही. ते मसुद्यात यायला हवं. दोन-तीन ओळी पुरेत: नातं काय, त्यामुळे काय मिळालं, काय विचारायला अवघड गेलं, आणि त्यावर उपाय म्हणून काय केलंत. परीक्षकाला हे नंतर तोंडी परीक्षेत कळलं तर संशय येतो. आधी छापलेलं असलं तर विश्वास वाढतो.

मुलाखती मालवणीत झाल्या आणि पेपर इंग्रजीत आहे. मूळ बोलणं जसंच्या तसं लिहून ठेवलेलं असू द्या, भाषांतर कोणी केलं आणि दुसऱ्या कोणी पडताळलं का तेवढं नोंदवा. थिसिसच्या परिशिष्टात महत्त्वाची मूळ विधानं देता आली तर उत्तम.

आता ‘वर्णनात्मक’ या शेऱ्याकडे. याचा इलाज निष्कर्षांच्या परिच्छेदात आहे, म्हणून एक परिच्छेद जवळून पाहू. तुमच्या मसुद्याच्या धाटणीचा, पण तपशील नमुन्यासाठी रचलेला:

‘कारखाना ब च्या मालकांनी नवीन कटिंग मशीन आणल्यामुळे अख्ख्या गराचे प्रमाण वाढले. त्यामुळे विक्रीचा दर सुधारला व खेळत्या भांडवलावरील ताण कमी झाला. कामगारांमध्येही समाधान दिसून आले.’

वाक्यं सरळ आहेत, आणि खरीही असतील. पण ‘आणल्यामुळे’ हे कोणी ठरवलं? मालकाने सांगितलं म्हणून? समाधान कुठे दिसलं? आता तोच परिच्छेद असा:

‘मालकांच्या म्हणण्यानुसार अख्ख्या गराचे प्रमाण नव्या मशीनमुळे वाढले (मुलाखत ब-१, ब-३). कटिंग विभागाच्या वजन-वहीत मात्र ही वाढ मशीन बसण्याच्या दोन महिने आधी, नव्या हंगामाची बी कटिंगला आली तेव्हापासून दिसते (कागद ब-७). त्या हंगामात बी साठवण्याआधी खळ्यावर एक दिवस जास्त वाळवली होती. सुपरवायझर व कटिंगच्या दोन कामगारांनी वाढीचे श्रेय याला दिले (ब-४, ब-६, ब-९). गणपतीनंतरच्या आठवड्यांत प्रमाण तात्पुरते घसरले; हजेरीपटानुसार त्या काळात अनुभवी कामगार कमी होत्या (कागद ब-८). मशीनचा वाटा आम्ही नाकारत नाही, पण वाळवण आणि हाताचा सराव यांना वगळून ही वाढ समजावता येत नाही.’

लांबी वाढली, कबूल. पण आता वाचणारा ‘ब-७’ वर बोट ठेवून विचारू शकतो की ती वही दाखवा. प्रत्येक दाव्यापाशी असा माग ठेवणं म्हणजेच पुराव्याची साखळी. यिन यांनी १९८४ पासून लावून धरलेली हीच गोष्ट आहे. दुसरं, मालकाचं म्हणणं आणि वहीची नोंद जुळत नाही हे लपवलेलं नाही. मालक खोटं बोलतो असा याचा अर्थ होत नाही. मशीनला त्याने पैसे मोजलेत, त्याचं लक्ष मशीनकडे आहे. विसंगती दिसली की तिथे थांबायचं आणि तिसरीकडून विचारायचं. तुमच्या मसुद्यात एकही विसंगती नाही. प्रत्यक्षात तीन कारखाने, मालक, कामगार, बँक, शेतकरी एवढ्यांचं बोलणं ऐकून काहीच विसंगत न सापडणं शक्य नाही, आणि अनुभवी रिव्ह्यूअरला ते लगेच खटकतं. तिसरं, दुसरी संभाव्य कारणं तपासली आहेत. काजूत ही कारणं ठरलेली असतात: बी किती वाळली, वाफ कमी लागली की जास्त, हात किती सरावलेला, त्या वर्षीची बी मुळात कशी होती. प्रत्येक मोठ्या निष्कर्षाला निदान एक पर्यायी कारण तपासून दाखवा. बहुतेकदा वह्या तुमच्याकडेच असतात, फक्त त्या प्रश्नाने उघडलेल्या नसतात.

आधी प्रत्येक कारखान्याचं चित्र थोडक्यात, मग तिन्हींची तुलना, असा क्रम ठेवा. आणि जास्त जागा तुलनेला द्या. सध्या तुमची बारा पानं तीन कारखान्यांच्या इतिहासाला आणि दोन पानं तुलनेला आहेत. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून काजू आणला इथपासून सुरुवात करायची गरज नाही. कोडिंग (मुलाखतींतल्या बोलण्याला नावं लावून गट पाडणं) कसं केलंत ते सांगताना सगळे कोड मोजून दाखवण्यापेक्षा एकच माग पूर्ण दाखवा: हे बोलणं, त्यावर लावलेलं हे नाव, अशी दहा बोलणी एकत्र येऊन बनलेली ही कल्पना, आणि तिने कोणत्या बोलण्यापाशी हार खाल्ली.

आता ज्या बाबीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते तिकडे येतो, आणि रिव्ह्यूअरने ती काढलेलीही नाही. ती म्हणजे ओळख झाकणं. तुम्ही कारखान्यांना अ, ब, क म्हटलंय. पण ‘ब’बद्दल लिहिलंय: तालुका अमुक, एका महिलेने सुरू केलेला, घरचा पूर्वीचा धंदा मासेमारीचा, अमुक साली सुरुवात, कामगार इतके. मॅडम, सिंधुदुर्गात एवढं वाचून कारखाना ओळखायला कोणाला दोन मिनिटंही लागणार नाहीत. मुंबई-पुण्याच्या लेखकाला ही अडचण भासत नाही. आपल्या पट्टीत धंदे थोडे, माणसं एकमेकांना ओळखणारी, त्यामुळे नावाऐवजी अक्षर वापरून काहीच झाकलं जात नाही. आणि तुम्ही त्याच परिच्छेदात त्यांची बँक-मर्यादा, शेतकऱ्यांची थकबाकी आणि मालकाच्या भावाशी झालेला वाद लिहिला आहे. थिसिस मंजूर झाला की तो शोधगंगेवर, म्हणजे थिसिसच्या सर्वांना खुल्या ऑनलाइन संग्रहावर, चढतो, कायमचा. उद्या बँकेचा अधिकारी वाचेल, बी देणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा वाचेल.

उपाय आहेत. तालुक्याऐवजी ‘दक्षिण कोकणातला पट्टा’ म्हणा. नेमके आकडे जिथे दाव्याला लागत नाहीत तिथे मर्यादा द्या: ‘तीस ते पन्नास कामगार’. मालक स्त्री आहे की पुरुष, घरचा धंदा कोणता, हे तुमच्या दाव्यात काही काम करतं का ते बघा. करत नसेल तर काढा. काही संवेदनशील विधानं कारखान्याच्या अक्षराशी न जोडता ‘तिघांपैकी एका मालकाने’ अशी देता येतात. मात्र दाव्याचा कणा असलेली गोष्ट बदलायची नाही. ‘क’ टांझानियाची बी घेतो हे तुमच्या युक्तिवादाचं मूळ आहे. ओळख लपवण्यासाठी तिथे दुसरा देश घालाल तर सगळा तर्कच कोसळेल. ते ठेवायचंच असेल तर मालकाला दाखवून, समजावून, परवानगी घेऊन ठेवा. आणि ‘ओळख राखण्यासाठी अमुक प्रकारचे तपशील वगळले किंवा ढोबळ केले आहेत’ हे एका वाक्यात नोंदवा.

कारखान्याच्या आतली गुप्तता वेगळी. बाहेरच्याला कारखाना ओळखू आला नाही तरी मालकाला आपला माणूस ओळखू येतो. ‘ब-४, सुपरवायझर, महिला’ असं लिहिलंत आणि कारखान्यात सुपरवायझर एकच असेल, तर तिने मजुरीबद्दल जे सांगितलं ते तुम्ही तिच्या नावासकट मालकाला सांगितल्यासारखंच आहे. किलोवर मजुरी घेणाऱ्या बायकांचं काम उद्या बंद होऊ शकतं. इथे पुराव्याची साखळी आणि माणसाची सुरक्षितता यांत ओढाताण होते, आणि माझ्या मते सुरक्षिततेला अग्रक्रम. छापील मजकुरात तिला फक्त ‘कामगार’ करा. नेमका हुद्दा तुमच्या कुलूपबंद फाइलमध्ये राहू द्या, परीक्षकाने मागितला तर गाइडच्या समोर दाखवता येईल. वर मी लिहिलेल्या नमुन्यातही, कारखाना लहान असेल तर ‘सुपरवायझर’ हा शब्द काढावा लागेल.

आणि हे सगळं करून पुस्तकाच्या सुरुवातीला ऋणनिर्देशात ‘आपला बहुमोल वेळ दिल्याबद्दल श्री. अमुक, मालक, अमुक कॅश्यूज यांचे आभार’ असं छापलं जातं. परिशिष्टात कारखान्याच्या लेटरहेडवरचं परवानगीपत्र जोडलं जातं. फोटोत मागे पाटी दिसते, किंवा खळ्यामागचं देऊळ दिसतं. मी परीक्षक म्हणून वाचलेल्या अनेक थिसिसमध्ये अ, ब, क ची ओळख मला अशीच पहिल्या दहा पानांत मिळाली आहे. आभार माणसाला प्रत्यक्ष भेटून माना, पत्र संस्थेच्या दप्तरी ठेवा, फोटो नीट बघून निवडा.

मालकांना मसुदा दाखवावा का, असंही तुम्ही विचारलंय. दाखवावा, पण काय विचारायचं ते ठरवून. तारखा, आकडे, प्रक्रियेचा क्रम चुकला असेल तर त्यांनी दुरुस्त करावा. कोणता तपशील छापू नये हेही त्यांनी सांगावं. तुमचा अर्थ त्यांना पटला नाही तर त्यांचं म्हणणं पेपरमध्ये नोंदवा, पण अर्थ त्यांच्या सांगण्यावरून बदलू नका. कामगारांची विधानं असलेला भाग मालकांना दाखवायच्या प्रतीत नको. काय दाखवलं, काय बदललं, हे पद्धतीच्या भागात दोन वाक्यांत लिहा.

वाङ्मयचौर्याविषयीच्या यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर दंड नाही, पण पेपर आणि थिसिसचं तेच प्रकरण शब्दशः एक असेल तर प्रश्न उभा राहतो. पेपर आधी छापला गेला तर थिसिसमध्ये तसा उल्लेख करा.

रिव्ह्यूअरला उत्तराचं पत्र लिहिताना प्रत्येक शेरा त्यांच्याच शब्दांत उतरवा आणि खाली कोणत्या पानावर काय बदललं ते सांगा. दुसऱ्या शेऱ्याशी तुम्ही पूर्ण सहमत नाही, हे आदराने लिहिता येतं: लोकसंख्येविषयीची विधानं काढली आहेत, दावा अटींसह पुन्हा मांडला आहे, आणि प्रत्येक कारखान्यातला हंगाम हे विश्लेषणाचं एकक धरलं आहे. पत्र आधी गाइडना दाखवा. त्यांची सर्व्हेची सूचना पुढच्या टप्प्याचं संशोधन म्हणून शेवटच्या भागात घेता येईल.

कामाचा क्रम मात्र हंगाम बघून लावा. मार्च लागला की हे तिघेही मालक मे अखेरपर्यंत वजनकाट्यापाशी आणि खळ्यावर असतील, तुमचा कागद वाचायला त्यांना उसंत मिळणार नाही. त्यामुळे तारखा, आकडे आणि छापू नयेत असे तपशील यांची दोन पानी यादी आधी त्यांच्याकडे पोचवा, तिसऱ्या कारखान्याची आवक-जावक वही त्याच भेटीत पुन्हा एकदा मागून बघा, आणि मग पद्धतीचा भाग लिहायला बसा.